पाइनला मराठीत देवदार म्हणावं का?

इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय. पाइनची उत्क्रांती आणि 'जेनेटिक डायव्हर्सिटी' यावर त्या मुलांसाठी मराठीत लिहिताहेत. पाइनला यजमान म्हणतात देवदार, सासूबाई म्हणतात सुरू, घरी आलेला सुतार म्हणतो चीड. खरं कोण?

ताई, सुतार. निदान अर्धा तरी. आपल्याकडे लाकडाच्या वखारीत चीड, कैल (हाही हिमालयातला पाइनच) आणि देवदार यांचे भाव वेगवेगळे लागतात. कोशात गोंधळ चालतो, वखारीत चालत नाही.

सासूबाईंना मात्र हसू नका. सुरू लांबून अगदी पाइनसारखाच दिसतो. पण त्याची एक 'सुई' दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढून पाहा. टिक्कन पेर निखळतं, आणि सांध्यावर बारीक दातांचं कडं दिसतं. ते दात म्हणजे त्याची पानं. आपण सुई म्हणतो ती खरी डहाळी. सुरू फुलणाऱ्या झाडांपैकी आहे, पाइन शंकू धरणाऱ्यांपैकी. म्हणजे नुसता तोंडवळा सारखा, गोत्र निराळं.

देवदार निदान भाऊबंदांतला, पण चुलत. पाइनच्या सुया बहुधा दोन, तीन किंवा पाचच्या जुडीत येतात. चिडाच्या जुडीत तीन, कैलच्या पाच. देवदाराचा मात्र पुष्कळ सुयांचा झुबका असतो. कालिदासानेही हे दोघे वेगळे ठेवलेत (त्याला आपण माळवेकर आपलाच मानतो, म्हणून हा दाखला). मेघदूतात खोडं एकमेकांवर घासून वणवा पेटतो तो 'सरल' वृक्षांचा, आणि ज्याच्या कोवळ्या पालवीचा गंध घेऊन वारा येतो तो देवदार. सरल म्हणजेच आपला चीड.

मग सुतार अर्धाच बरोबर का? कारण चीड ही एक जात, आणि पाइनच्या जाती शंभराहून जास्त. गंमत म्हणजे चिडाचा अगदी जवळचा नातलग शेजारच्या कैलात सापडत नाही. तो थेट अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांवर आहे. तेव्हा या सगळ्या जातींना मिळून 'पाइन' आणि हिमालयातल्या या एका जातीला 'चीड', असं लिहा. 'चिडाचं झाड' असं लिहिलंत तर 'मला चीड आली'शी गल्लतही होणार नाही.

तुमच्या दुसऱ्या शब्दाला, 'जेनेटिक डायव्हर्सिटी'ला, मी 'जनुकीय विविधता' म्हणेन. 'आनुवंशिक' ऐकलं की आपल्याकडे लोकांना आधी मधुमेह आठवतो. फक्त ती आणि 'जीनोमचा' (म्हणजे जीवाच्या पेशीतल्या सगळ्या जनुकीय मजकुराचा) आकार एक समजू नका. लेखात ही चूक हमखास होते. 2014 साली अमेरिकेतल्या लोबलॉली पाइनचा जीनोम वाचला गेला, तो निघाला सुमारे 2200 कोटी अक्षरांचा. माणसाचा 300 कोटींच्या आसपास. पण त्यातला बराचसा भाग एकाच मजकुराच्या पुन्हापुन्हा उतरलेल्या नकला. पोथी जाड असणं वेगळं, आणि गावातल्या पोथ्यांत पाठभेद असणं वेगळं. विविधता म्हणजे हे पाठभेद. भूमध्य समुद्राकाठचा स्टोन पाइन दूरवर पसरलाय, बिया खाण्यासाठी लोक त्याला मुद्दाम लावत आले, पण पाठभेद त्याच्यात फारच थोडे.

बियांवरून आठवलं, सासूबाईंना सुक्यामेव्याच्या दुकानातले चिलगोजे दाखवा. तेही पाइनचंच बी.