विमानाच्या पायलटकडे पिस्तूल असावं का?

माझं स्पष्ट मत: नसावं.

अमेरिकेत हे चालू आहे. ११ सप्टेंबर २००१ ला अपहरणकर्ते कॉकपिटमध्ये घुसले, म्हणून २००२ मध्ये तिथे कायदा झाला. जे पायलट स्वतःहून पुढे येतात त्यांना प्रशिक्षण देऊन पिस्तूल देतात, तेही फक्त कॉकपिटच्या बचावासाठी. मागे प्रवाशांत मारामारी झाली तरी ते घेऊन बाहेर यायचं नाही.

आता मार्च २००८ ची घटना बघा. डेन्व्हरहून शार्लटला जाणारं यूएस एअरवेजचं विमान उतरायच्या बेतात होतं आणि पायलट पिस्तूल आवरून ठेवत होता. त्या पिस्तुलाच्या कव्हरला बाहेरून कुलूप लागायचं आणि कुलपाची कडी थेट ट्रिगरच्या जागेतून जायची. पिस्तूल आत नीट बसलं नसेल, तर कडी ट्रिगरच दाबणार! गोळी सुटली, विमानाच्या पत्र्याला भोक पडलं. नशिबाने कोणाला इजा झाली नाही.

लँडिंगच्या वेळी पायलटचे हात आणि डोकं दोन्ही विमानातच हवं. अपहरणकर्त्याला अडवायला आतून बंद होणारं मजबूत दार आहेच. अर्थात त्या दारालाही धोका आहे: २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने कॅप्टनला बाहेर ठेवून विमान डोंगरावर घातलं, १५० जण गेले. पण हा धोका आतल्याच माणसाचा होता, त्याच्या हाती आणखी पिस्तूल कशाला द्यायचं?

विमानात शस्त्र लागणारच असेल तर ते आपल्याकडच्या एनएसजीच्या साध्या वेषातल्या कमांडोंकडे असू द्या. त्यांचं कामच ते आहे.