फ्लेक्सिबल: वाकायचं कोणी?

प्रश्न : मुलीला पुण्यात नोकरी लागली. नेमणुकीच्या पत्रात ‘फ्लेक्झिबल वर्किंग अवर्स’ असं लिहिलंय. ती खूश आहे, म्हणते वेळ माझ्या सोयीची. मला शंका येते. ठिबकच्या नळीला दुकानदार फ्लेक्झिबल म्हणतो, चौकातल्या बॅनरला आपण फ्लेक्स म्हणतो. हा शब्द आहे तरी काय?
– एक केळी उत्पादक, यावल तालुका

उत्तर : नाना, शंका रास्त आहे. लॅटिनमध्ये ‘फ्लेक्टेरे’ म्हणजे वाकवणं. त्यावरून फ्लेक्सिबल, म्हणजे वाकवता येण्याजोगं. ‘रिफ्लेक्ट’ हाही त्याच घरातला. पण वाकवणार कोण, हे या शब्दात कुठेच नाही. सगळी मेख तिथेच आहे.

‘वी ऑफर फ्लेक्सिबल अवर्स’ असं कंपनी लिहिते तेव्हा वेळ वाकते. अशा ठिकाणी बहुधा काही तास पक्के असतात, त्यांना ‘कोअर अवर्स’ म्हणतात. म्हणजे अकरा ते चार हजर राहा, बाकीचे तास सकाळी भरा नाहीतर संध्याकाळी. पण ‘कॅन्डिडेट मस्ट बी फ्लेक्सिबल’ असं लिहिलं की वाकायचं उमेदवारानं. मग रविवारी फोन आला तरी कुरकुर नको. तुमच्या पत्रातले तीन शब्द दोन्हीकडे झुकतात. मुलीला म्हणावं, पक्के तास कोणते आणि बाकीचे ठरवणार कोण, हे रुजू होण्याआधी ईमेलनं विचारून ठेव. मुलाखतीतही ‘आय अॅम फ्लेक्सिबल’ असं मोघम बोलू नये. ‘फ्लेक्सिबल अबाउट शिफ्ट्स’ म्हणावं, म्हणजे गावाची बदली त्यात आपोआप येत नाही.

आम्ही भुसावळचे, रेल्वेशिवाय आमचं पान हलत नाही. सप्टेंबर 2016 मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतोला ‘फ्लेक्सी फेअर’ लागू झालं. दर दहा टक्के बर्थ भरल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी चढतं, ठरावीक मर्यादेपर्यंत. जळगावला राजधानी पकडणाऱ्याला विचारा, ऐनवेळी तिकीट काढताना कोणाचा खिसा वाकतो ते. भाडं लवचिक खरं, पण लवतं ते वरच्याच दिशेला!

आता तुमची नळी. जमिनीत पुरलेला पीव्हीसीचा मेन पाइप ताठ, त्याला ‘रिजिड’ म्हणायचं. लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीत टाकायची ठिबकची नळी, बंडलात गुंडाळून येते, झाडाला वळसा घालते, म्हणून फ्लेक्सिबल. पण तीच नळी बांधाशी करकचून दुमडली तर तिथे घडी पडते, पुढे पाणी जात नाही आणि सरळ केली तरी वळ राहतो. म्हणजे ती फ्लेक्सिबल आहे, ‘इलॅस्टिक’ नाही. सोडल्यावर पुन्हा मूळ आकारात येणाऱ्या वस्तूला इलॅस्टिक म्हणतात. पायजम्यातलं इलॅस्टिक ढिलं पडलं की फरक कळतोच.

माणसाच्या बाबतीत जरा जपून. फ्लेक्सिबल ही तारीफ आहे, ‘प्लायेबल’ म्हटलं की बऱ्याचदा कोणीही वळवावं असा मऊ माणूस. व्यायामानं कमावलेल्या अंगाला किंवा मऊ कातड्याला ‘सपल’ म्हणतात. सरपंचाला इंग्रजीत प्लायेबल म्हणू नका, कोणीतरी अर्थ सांगेलच त्यांना.

चौकातला फ्लेक्स म्हणजे गुंडाळता येणाऱ्या पीव्हीसी कापडावरचा छापील बॅनर. आपण नाव तोडून घेतलं. इंग्लंडात ‘फ्लेक्स’ म्हणजे इस्त्री-दिव्याची वायर. आणि आजच्या पोरांच्या इंग्रजीत ‘फ्लेक्स करणं’ म्हणजे दंड फुगवून दाखवावेत तशी शेखी मिरवणं. वाढदिवसाच्या बॅनरला हा शेवटचा अर्थ फार चपखल बसतो, असं माझं आपलं मत.

राहिला उच्चार. ‘झि’ नको, ‘सि’ म्हणा. स्पेलिंगच्या शेवटी आय-बी-एल-ई. ए-बी-एल-ई लिहिलं की गुण जातात.