प्रश्न तुमचे: गिझर सारखा बंद पडतो, दोष थर्मोस्टॅटचाच का?

प्रश्न : घरी १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर आहे. पाणी बोअरचं. कधी पाणी कोमट असतानाच दिवा विझतो, कधी पाणी उकळतं आणि गिझर बंदच पडतो. झाकणाआडचं लाल बटण दाबलं की पुन्हा सुरू. तीन महिन्यांपूर्वी थर्मोस्टॅट बदलला, तरी तेच. पुन्हा बदलू का?
– एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : इतक्यात नको. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, त्यात पाणी बोअरचं; आधी क्षारांवर संशय घ्या. थर्मोस्टॅटची दांडी पाण्यात थेट नसते, टाकीतल्या एका बारीक नळीत असते. नळीवर पांढरा थर चढला की पाणी तापल्याचं दांडीला उशिरा कळतं. तोवर कॉईल पेटलेलीच, शेवटी कटआऊट, म्हणजे पाणी फार तापल्यास वीज तोडणारी सुरक्षा कळ, उडतो; लाल बटण त्याचंच. आणि थर वाढत वाढत कॉईल व नळी यांच्यामधली फट बुजली, तर कॉईलची धग सरळ नळीत शिरते. पाणी कोमट असतानाच थर्मोस्टॅट वीज तोडतो. तुमच्याकडं दोन्ही होतंय.

तरी थर्मोस्टॅट तपासून घ्या. एमसीबी पाडा, पिन काढा, पाणी गार होऊ द्या. थर्मोस्टॅट बाहेर ओढून मल्टिमीटर त्याच्या दोन टोकांना लावा. गार असताना जवळपास शून्य ओहम दिसायला हवेत. नॉब ६० अंशांच्या आसपास ठेवून फक्त दांडी ७०–७५ अंशांच्या पाण्यात धरा, टोकं कोरडी ठेवा. थोड्या वेळात 'टक्' होऊन जोड तुटला, निवल्यावर परत जुळला, तर तो ठणठणीत आहे. तुटलाच नाही तर आतले पॉईंट चिकटलेत. मग मात्र बदला. कॉईलच्या टोकांना साधारण २६ ओहम मिळावेत. टोक आणि बॉडी यांच्यात मीटर जरा जरी हलला, तर कॉईल बाद.

थर काढायला टाकी रिकामी करून फ्लँज, म्हणजे कॉईल आणि नळी बसवलेली तबकडी, उतरवा. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, त्यात कॉईल आणि नळी तासभर बुडवा. वायरींची टोकं वर. संडास धुण्याचं अ‍ॅसिड वापरू नका, ते धातूच खातं. खपली स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नका, नळीला भोक पडतं. टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी झिजून तार उघडी पडली असेल तर ती आणि गॅस्केट नवं घाला. जोडल्यावर गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत वीज देऊ नका. कोरडी कॉईल लगेच जळते.

लाल बटण सारखं दाबत बसू नका. कटआऊटला वायर मारून 'डायरेक्ट' करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. क्षारांनी सेफ्टी व्हॉल्व्हही अडकला असेल तर टाकी फुटते.

प्रश्न : गच्चीवरच्या सोलरचा डिस्प्ले भलतंच तापमान दाखवतो. सेन्सर बदलावा का?
– एक वाचक, जि. बुलढाणा

उत्तर : आधी वायर पाहा. उंदीर-खारी ती कुरतडतात. वायर शाबूत असेल तर सेन्सरचा प्लग काढून मोजा. बरेच सेन्सर २५ अंशांना १० किलोओहमचे असतात; ६० अंशांना ते अडीचच्या आसपास येतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर आत तार तुटलीय. नवा घेताना जुना सोबत न्या, दुसऱ्या किलोओहमचा बसवला तर आकडा पुन्हा चुकणार.