घुमट वाजायच्या आधी

श्रावणातली दुपार. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावातून एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला इथे बाबू म्हणते.) खुर्चीत नीट बसायच्या आतच तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "बाई, ह्यात लिहिलंय ते सगळं आमच्या बाबूला लागू पडतं. त्याला सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर आहे का? तेवढंच सांगा." (म्हणजे आवाज, स्पर्श, चव यांची मेंदूत नीट जुळणी न होणं.)

मी तोंड उघडणार तोच बाबूने दोन्ही हातांनी कान दाबले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. दोन-तीन सेकंदांनी शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. शिट्टीच्या आधीची फुसफुस त्याने भिंतीपलीकडून पकडली होती. मग तो उठला आणि कपाट व भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत पाठ घट्ट दाबून उभा राहिला. आई ओशाळली. "बाहेर ये रे, बाई काय म्हणतील?" मी म्हटलं, राहू दे त्याला तिथेच. दहा मिनिटांनी तो आपणहून बाहेर आला आणि माझ्या टेबलावरचे रंगीत खडू रंगांप्रमाणे लावत बसला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. युनिफॉर्मच्या कॉलरचं लेबल टोचतं म्हणून रोज सकाळी रडारड. भाजीत ओल्या खोबऱ्याचा कीस दिसला की उमासे. मिक्सर लागला की परसात पळ. आणि हाच मुलगा सोप्यावरून दिवसातून वीसदा उड्या मारतो, झोपाळा थांबवूच देत नाही. आजीने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. बाबा म्हणतात, तूच लाडावून ठेवलंस. शाळेतल्या बाई म्हणतात, हट्टी आहे. "एकदा जेवताना मी त्याला मारलं," हे सांगताना मात्र ती थांबली, आणि बराच वेळ पदराला पीळ देत राहिली.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी सरळ दिलं, कारण ते अनेक आईबाबांना हवं असतं. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) तज्ज्ञ डॉ. जीन एअर्स यांनी 1972 साली यावर पुस्तक लिहिलं: कान, त्वचा, जीभ, शरीराचा तोल, स्नायू-सांधे यांच्याकडून येणाऱ्या माहितीची मेंदू जुळणी कशी करतो, आणि ती नीट झाली नाही तर मुलाचं काय होतं. पण मानसिक आजारांचं निदान ज्या पुस्तकावरून करतात, त्या डीएसएम-5 मध्ये हा स्वतंत्र आजार म्हणून नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2012 मध्ये, हे नाव निदान म्हणून वापरू नये, असं म्हटलं. त्रास खोटा आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. लेबल खरंच टोचतं, खोबरं खरंच सहन होत नाही. फक्त नाव मिळालं म्हणजे कारण कळलं, असं होत नाही.

मग तिने खरा प्रश्न विचारला, अगदी हळू आवाजात. "म्हणजे ऑटिझम, स्वमग्नता आहे का?"

आवाज, स्पर्श, चव यांबद्दलची टोकाची प्रतिक्रिया 2013 पासून ऑटिझमच्या लक्षणांत धरली जाते, हे खरं. पण तेवढ्यावरून ऑटिझम ठरत नाही. मूल नावाने हाक मारल्यावर वळतं का, बोट दाखवून "ते बघ" म्हणतं का, खोटाखोटा स्वयंपाक मांडतं का, बरोबरीच्या मुलांत मिसळतं का, हे सगळं बघावं लागतं. बाबू चुलतभावाबरोबर दुकान-दुकान खेळतो, गोष्टी रचून सांगतो. तरीही तपासणी करा, असं मी आग्रहाने सांगितलं. अतिचंचलता, चिंता, अपुरी झोप यांतही असंच चित्र दिसू शकतं. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं केंद्र आहे, तिथे पैसे लागत नाहीत. आणि त्याआधी कान. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, जाऊन कानाची तपासणी करा, म्हटलं. हा क्रम मी आता कुणालाही चुकू देत नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या त्रासाला मी आठवडेच्या आठवडे "आवाजाची भीती" समजत राहिले, आणि तिच्या कानात पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. ते अजून मनाला लागून आहे.

मी तिला एक वही दिली. दोन आठवडे फक्त लिहायचं: त्रास कधी झाला, त्याआधी काय होतं, कशाने शांत झाला. उपदेश नको, कारणमीमांसा नको. तिच्या अक्षरातली एक नोंद अशी होती: "मंगळवार. शाळेत लाउडस्पीकर. बसमध्ये गर्दी. घरी येऊन चड्डीच्या इलॅस्टिकवरून रडला. मग आजोबांबरोबर कुळागरात (नारळी-पोफळीच्या बागेत) गेला, नारळाची टोपली ओढत आणली. रात्री निवांत जेवला."

इलॅस्टिक रोजचंच होतं. पण त्या दिवशी सकाळपासून सगळं साचत गेलं होतं आणि इलॅस्टिक निमित्त झालं. वही वाचताना हे तिला स्वतःलाच दिसलं. आणि ओढणं, उचलणं, ढकलणं अशा जड कामानंतर तो सावरतो, हेही. फटीत पाठ दाबून उभं राहायचं त्याला का सुचलं असेल, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

मग छोटे बदल झाले. लेबलं उसवली. मिक्सर लावण्याआधी "लावते हं" म्हणायचं, आणि जमलं तर बटण त्यालाच दाबू द्यायचं. ताटात नवा पदार्थ शेंगदाण्याएवढा, खाल्लाच पाहिजे असं नाही. शाळेतून आल्यावर आधी टोपली किंवा पाण्याची छोटी कळशी, अभ्यास मग. कानावर हेडफोन दिवसभर मात्र नको, त्याने साधे आवाजही आणखी बोचायला लागू शकतात.

कान चांगले निघाले. ऑटिझम सध्या वाटत नाही, असं विकासतज्ज्ञ डॉक्टर म्हणाले आणि व्यवसायोपचार सुरू केला. तिथेही मी तिला एकच सांगितलं: दोन-तीन महिन्यांत काय बदलायला हवं ते आधी ठरवा आणि मग बघा. या उपचारावरचं संशोधन अजून अपुरं आहे. काही मुलांना उपयोग होतो, काहींना नाही. "इतक्या सेशनमध्ये पूर्ण बरा" असं कुणी म्हणालं तर पैसे भरू नका.

राहिली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. बाबूचे आजोबा घुमट वाजवतात, मातीच्या मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेलं वाद्य. 2019 मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, याचा त्यांना कोण अभिमान. गेल्या वर्षी आरतीला बाबू किंचाळत पळाला होता आणि आजोबा दुखावले होते. ते माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "घुमट नसलं तर चवथ कसली, बाई?" मी म्हटलं, घुमट बंद करायचं नाही, बाबूला आधी भेटवायचं. स्वतः काढलेला आवाज माणसाला कमी टोचतो, कारण तो कधी येणार हे ठाऊक असतं. आजोबांनी पंधरा दिवस रोज संध्याकाळी पडवीत त्याला मांडीवर घेतलं. आधी घुमटाच्या मातीवरून हात फिरवायचा, मग चामड्यावर एक बोट, मग दोन.

चवथीला गणपतीवर फळाफुलांनी सजवून टांगलेल्या माटोळीखाली शामेळ (काठीने वाजवायचा ढोल), कासाळे (झांज), घुमटं सुरू झाली तेव्हा बाबू दारात आईच्या कुशीला पाठ दाबून उभा होता. एक आरती झाली. दुसरीच्या मध्यावर तो आईला म्हणाला, "आता पुरे," आणि चालत परसात गेला. पळाला नाही. आईला वाईट वाटलं, पाच आरत्या राहिल्या म्हणून. मी तिला विचारलं, "पुरे" हे त्याने याआधी कधी शब्दांत सांगितलं होतं का? ती जरा वेळ गप्प राहिली.

आता दिवाळीतली नरकासुराच्या पुतळ्यांची रात्र येते आहे. रस्त्यावर स्पीकरच्या भिंती, पहाटेपर्यंत फटाके. त्या रात्री मामाच्या गावाला जायचं की घरीच मागच्या खोलीत झोपायचं, हे बाबूला विचारूनच ठरवायचं, असं आमचं ठरलंय. पुढच्या बुधवारी ती वही घेऊन येणार आहे.