वाचक विचारतात : ट्राउटचे फ्लाय घरच्या घरी

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्याचा मासा. त्याच्यासाठी पिसे, लोकर, तार आणि धाग्याने गळावर बांधलेला नकली किडा म्हणजे फ्लाय. सीमाभागातून उन्हाळ्यात हिमाचल किंवा काश्मीरकडे गळ घेऊन जाणारी मंडळी आता बरीच आहेत. त्यांच्याकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

एप्रिलअखेर हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जायचे आहे. फ्लाय स्वतः बांधायचे ठरवले, पण बाहेरून मागवलेले सामान फार महाग पडते. बेळगावात काय मिळेल आणि काय मागवावेच लागेल? (शहापूर, बेळगाव)

चार गोष्टी मागवाव्याच लागतील : गळ, बांधायचा धागा, धातूचे मणी आणि ड्राय फ्लायसाठी (पाण्यावर तरंगणारा फ्लाय) कोंबड्याच्या मानेची ताठ पिसे, म्हणजे हॅकल. यात काटकसर करू नका. बाजारात गांडूळ किंवा कणकेसाठी मिळणारे गळ जाड तारेचे असतात. त्यावर ड्राय फ्लाय बांधला तर तो तरंगत नाही. फ्लायच्या गळांत आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. 12, 14 आणि 16 एवढे तीन आकार पुरे. तरंगणाऱ्या फ्लायला बारीक तारेचे घ्या, पाण्याखाली जाणाऱ्या निम्फला जाड तारेचे.

बाकीचे सगळे इथेच आहे. उद्यमबागेत मोटारी रिवाइंड करणाऱ्यांकडे इनॅमलची तांब्याची तार सुटी मिळते. 38 गेजची (साधारण 0.15 मिमी) अंगावर वेढे द्यायला, 36 ची (0.19 मिमी) मोठ्या फ्लायला आणि 26 ची (0.45 मिमी) आतून वजन द्यायला घ्या. वडगाव-शहापूरकडच्या विणकरांकडे उरलेली जर मागा. इथे खऱ्या जरीचा आग्रह नको, ती काळी पडते. प्लॅस्टिकची चकाकी असलेली नकली जर पाण्यात तशीच राहते आणि तुटतही नाही. घोंगडीची काळी लोकर निम्फच्या अंगाला चालते.

साखरेचे पांढरे विणलेले पोते पॉलिप्रॉपिलीनचे असते. त्याची एक पट्टी काढून सुईच्या टोकाने उभी विंचरा, बारीक तंतू सुटे होतात. हा माल पाण्यापेक्षा हलका, त्यामुळे ड्राय फ्लायच्या उभ्या पंखाला चांगला. चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात या पोत्यांचा काय तोटा?

व्हाइस (बांधताना गळ पकडून ठेवणारा शिकंजा) मात्र ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यायची घाई करू नका. गळाचे पोलाद कडक असते. साध्या लोखंडाच्या जबड्यात खाच पडते आणि महिन्याभरात गळ निसटायला लागतो. जबडे कडक केलेल्या पोलादाचेच हवेत.

अंग बांधून झालं की सगळं गळाभोवती गोल फिरालंय. धागा तर घट्ट ओढालोय. काय चुकालंय? (निपाणी)

घट्ट ओढण्यात चूक नाही, पाया नाही ही चूक आहे. गळाच्या गुळगुळीत दांड्यावर थेट लोकर किंवा तार बांधली तर ती फिरणारच. आधी नेढ्यामागून गळ वळतो त्या वाकापर्यंत धाग्याचे एकाला एक लागून वेढे द्या आणि मगच पहिली वस्तू बांधा. आत वजनाची तार असेल तर तिच्या दोन्ही टोकांना धाग्याचा छोटा उतार करा, वरून धागा दोनदा आडवातिडवा न्या आणि नेलपॉलिशचा एक थेंब सोडा. वाळेपर्यंत थांबा.

दुसरी शक्यता धाग्याची. शिवणाचा धागा पिळाचा आणि जाड असतो, चार वेढ्यांत ढीग होतो. फ्लायसाठी 70 डेनियरचा, जवळजवळ बिनपिळाचा धागा लागतो. बॉबिन (धाग्याची रीळ धरणारी नळी) खाली लोंबत ठेवून वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेला फिरवलीत की धागा चपटा होतो. चपटा धागा दांड्यावर बसतो, गोल धागा घसरतो. उजव्या हाताने बांधणाऱ्यांसाठी हे खरे. डावखुऱ्यांनी दिशा उलटी धरावी.

ताण किती, हे कळायला एक रिकामा गळ लावा आणि धागा तुटेपर्यंत ओढा. चार-पाचदा तोडला की बोटांना अंदाज येतो. बांधताना त्या तुटण्याच्या जरासे अलीकडे राहायचे.

घोंगडीची लोकर वापरून निम्फ कसा बांधायचा? मापासकट सांगावे. (हुक्केरी)

दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. नुसती वापरली तर धाग्यावर धरत नाही, केस उभे राहतात आणि फ्लाय ब्रशासारखा दिसतो. म्हणून एक भाग काळी लोकर आणि दोन भाग स्वेटरची मऊ तपकिरी लोकर घ्या. दोन्ही 1 सेंमीच्या तुकड्यांत कापा आणि बोटांनी विस्कटून एकजीव करा. स्वेटरची लोकर खरी असावी. ॲक्रिलिक पाणी धरत नाही, फ्लाय बुडायला वेळ लागतो.

14 नंबरचा निम्फचा गळ घ्या. आधी पक्कडीने टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करा. मासा सोडायला सोपे पडते आणि मणी वाकावरून सरकतो, दोन्ही कामे होतात. 2.5 मिमीचा मणी लहान भोक पुढे ठेवून ओवा आणि नेढ्याशी आणा. मागे 26 गेज तारेचे सहा वेढे द्या आणि ते मण्याच्या मोठ्या भोकात ढकला. मणी हलायचा थांबतो.

धाग्याने पाया करा. शेपटीला तपकिरी कोंबड्याच्या पिसाचे पाच-सहा तंतू, दांड्याच्या निम्म्या लांबीचे. याहून लांब शेपटी वाकात अडकते. आता 38 गेज तारेचा 10 सेंमी तुकडा दांड्याच्या कडेला बांधा आणि मागे सोडून द्या.

मग लोकर. इथेच सगळ्यांचे बिघडते. धाग्याला मेण लावा (पोळ्याचे खरे मेण, मेणबत्तीचे नव्हे) आणि लोकर इतकी विरळ लावा की धाग्याचा रंग जाणवत राहील. चिमटीत एकाच दिशेने पिळा. पुढेमागे पिळलेत तर जेवढे बसले तेवढेच सुटते. 5 सेंमीची सुतळी करायची, सुरुवातीला बारीक आणि शेवटाकडे जाड. ती मागून पुढे गुंडाळली की अंग आपोआप गाजरासारखे होते. पुरेशी वाटली त्याच्या निम्मी लोकर लावा. पाण्यातले किडे कृश असतात, लठ्ठ निम्फ सावकाश बुडतो.

तार लोकरीच्या उलट दिशेने चार-पाच वेढ्यांत पुढे आणा. त्याच दिशेने दिलीत तर ती लोकरीत रुतून दिसेनाशी होते. उरलेली तार कात्रीने कापू नका, धार जाते. चिमट्यात धरून गोल फिरवा, बांधल्या जागी तुटते. मण्यामागे थोडी जास्त लोकर द्या, गाठ मारा आणि शेवटी सुईने छातीकडचे केस खालच्या बाजूने ओढून काढा. ते पाय.

हिमालयात एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळून नद्या वाढू लागतात. तेव्हा ड्राय फ्लायच्या डबीपेक्षा हे निम्फ जास्त न्या. निम्मे वजनाचे आणि निम्मे बिनवजनाचे ठेवा. ओळखायला वजनाच्या फ्लायवर लाल धाग्याचे डोके करा.

ड्राय फ्लाय पाण्यात एका कुशीवर पडतो, नाहीतर बुडतो. हॅकल गावठी कोंबड्याचेच आहे. (खानापूर)

दोन वेगळे दोष आहेत. कुशीवर पडणे हे प्रमाणाचे. गळाचे टोक आणि दांडा यांमधल्या अंतराच्या दीडपट लांबीचे तंतू हवेत. त्याहून लांब असले की फ्लाय उंच उभा राहतो आणि कलंडतो. शेपटी दांड्याएवढी लांब आणि तंतू पसरलेले ठेवा. शेपटीखाली लोकरीचा एक बारीक गोळा बांधला तर तंतू आपोआप फाकतात.

बुडणे हे पिसाचे. पीस वाकवून पाहा. तंतू ताठ उभे राहिले आणि मधला पांढरट, जाळीदार भाग रुंदीच्या चौथ्या हिश्श्याहून कमी असला तर ते ड्राय फ्लायला चालेल. जाळीदार भाग पाणी शोषतो. ब्रॉयलरची पिसे यात बसतच नाहीत. गावठी कोंबडा किमान वर्षाचा, पिसे झडून नवी आलेला हवा, आणि पीस डोक्याजवळच्या मानेचे. एवढे करूनही त्यातली थोडीच 14 नंबरला पुरतात. बाकीची फेकू नका. तीच मऊ पिसे पाण्याखालच्या फ्लायला उत्तम, तिथे तंतू हलले पाहिजेत. म्हणूनच वर हॅकल मागवा असे सांगितले. एक मान बऱ्याच वर्षांना पुरते.

कोंबडा कापणाऱ्याला मान कातड्यासकट सोलून मागितली तर कातड्याची चरबी खरवडा आणि आतून मीठ-टाकणखार चोळा. मग पुठ्ठ्यावर टाचण्या लावून दोन आठवडे सावलीत वाळवा. चरबी राहिली तर वास येतो आणि किडे धरतात.

बांधताना पंखामागे तीन आणि पुढे तीन वेढे पुरेत. बारा वेढे देऊन तो बाटली धुवायचा ब्रश करू नका.

गाठ मारायला जागाच उरत नाही. नेढे लोकरीने भरून जाते. (चिकोडी)

सुरुवातीला धागा नेढ्याला चिकटून लावता, म्हणून. नेढ्याच्या लांबीएवढी जागा मोकळी सोडून पहिला वेढा द्या आणि शेवटपर्यंत ती हद्द ओलांडू नका. भरून गेलेले नेढे नेलपॉलिश ओले असतानाच सुईने मोकळे करा. वाळल्यावर ते दात खाऊन उकरावे लागते, तेही नदीवर, थंडीत.

मोराच्या पिसांचा वापर सगळीकडे सांगतात. ती ठेवणे कायद्यात बसते का? (संकेश्वर)

मोर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. नैसर्गिकरीत्या गळलेली शेपटीची पिसे देशात बाळगायला मुभा आहे, देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. म्हणजे परदेशातल्या मित्राला मोरपिसाचे फ्लाय भेट म्हणून पाठवू नका. शेतात सापडलेले एक पीस शेकडो तंतू देते. डोळ्याखालचे तंतू घ्या, टोकाचे ठिसूळ असतात. तरीही मोराचा तंतू नुसता ठेवला तर माशाच्या दाताने तुटतो. त्यावरून तांब्याची तार उलट फिरवाच.

बाकी रानपक्षी, रानससा, शेकरू यांचे केस-पिसे नकोत. मुंगसाच्या केसांचे ब्रश कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका, तो व्यापार बेकायदा आहे. बकरी, मेंढी, कोंबडी, पाळीव ससा एवढ्यात सगळे भागते.

मलप्रभेत ट्राउट सोडता येतील का? कणकुंबीकडे पाणी थंड असते. (जांबोटी)

नाही. ट्राउटला 20 अंश सेल्सिअसच्या वर त्रास सुरू होतो आणि 25 च्या आसपास तो तग धरत नाही. कणकुंबीचे पाणी पावसाळ्यात थंड वाटले तरी उन्हाळ्यात ते टिकत नाही, आणि ओढाही आटतो. दक्षिणेत ट्राउट निलगिरी आणि मुन्नारच्या उंच, गार पाण्यातच जगले. शिवाय बाहेरचा शिकारी मासा आपल्या ओढ्यात सोडणे योग्यही नव्हे. सराव हवा असेल तर तलावातल्या तिलापियावर करा. 14 नंबरचा लोकरीचा निम्फ तो घेतो. परवानगी मात्र आधी काढा. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते आणि इतर काळात मत्स्य विभागाचा परवाना लागतो.

पावसाळ्यात सामान कसे ठेवावे? मागच्या वेळी गळ गंजले आणि पिसांना कसर लागली. (खानापूर)

आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातली हवाही ओली असते. गळ मूळ पाकिटासह हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुडी ओली झाली की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरा. नदीवरून आल्यावर ओला फ्लाय डबीत परत ठेवू नका. एका ओल्या फ्लायने शेजारचे दहा गंजतात. रात्रभर थर्माकोलवर टोचून ठेवा.

पिसे गळांबरोबर कधीच नकोत. नवे पीस किंवा कातडे घरात आले की साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. मग झिपच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, एक दिवस बाहेर काढा आणि पुन्हा आठवडाभर आत. पहिल्या गारठ्यातून वाचलेली अंडी बाहेर उबेला फुटतात, ती दुसऱ्या फेरीत मरतात. नंतर डांबराच्या गोळ्या घाला, पण पॉलिस्टरच्या कापडात बांधून. पिसांना आणि प्लॅस्टिकच्या डबीला त्या टेकू देऊ नका, डबी चिकट होते. कडुलिंबाचा पाला वासापुरता ठीक. लागलेली कसर त्याने जात नाही. ज्या मानेला ती लागली आहे ती इतरांजवळ न ठेवता सरळ जाळून टाका.