वाचकांचे प्रश्न : गारठलेला फायटर आणि काळा पडणारा जावा फर्न

प्रश्न : आमच्या घरी चार महिन्यांपासून वीस लिटरच्या काचेच्या टाकीत एक निळा फायटर मासा (बेटा) आहे. टाकीत जावा फर्न, अनुबियास आणि वॅलिस्नेरिया लावली आहे. दर रविवारी मी मासा बाहेर काढून सगळे पाणी बदलते आणि वाळू व स्पंज फिल्टर नळाखाली स्वच्छ धुते. तरीही डिसेंबरपासून मासा तळाशी पडून राहतो, पर मिटून घेतो आणि परांच्या कडा झिजू लागल्या आहेत. जावा फर्नही बुडाशी काळा पडतो आहे. दुकानदार टाकीत मीठ घाला म्हणतात. घालावे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : टाकीत मीठ घालू नका. मूळ दुखणे त्याने जाणार नाही. तुमच्या वर्णनावरून दोन कारणे दिसतात, एक थंडी आणि दुसरे अतिस्वच्छता. स्वच्छतेत देशात वारंवार पहिल्या आलेल्या शहरातल्या गृहिणीला हे सांगणे जिवावर येते, पण माशाच्या टाकीचा न्याय निराळा आहे.

स्पंजवर आणि वाळूच्या कणांवर सूक्ष्म जिवाणूंची वस्ती असते. माशाच्या श्वसनातून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन तिला मारते, म्हणजे तुमच्या टाकीत ती दर रविवारी उजाड होते आणि मासा आठवडाभर स्वतःच्याच अमोनियात राहतो. वनस्पतीही अमोनिया शोषतात, परंतु जावा फर्न आणि अनुबियास इतक्या संथ वाढतात की त्यांच्यावर विसंबून चालत नाही. जोडीला झपाट्याने वाढणारी हायड्रिला लावा. यापुढे सगळे पाणी कधीच काढू नका. पहिला महिनाभर एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदला आणि टेस्ट किटवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावर आठवड्यातून एकदाच बदला. नवे पाणी अँटी-क्लोरीन घालून आणि टाकीइतकेच कोमट करून ओतावे. स्पंज दोन-तीन आठवड्यांनी, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.

आता थंडी. हा मासा मूळचा थायलंडमधल्या भातखाचरांतला आणि उथळ, संथ पाण्यातला. त्याला २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान लागते. माळव्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि वीस लिटर पाणी खोलीबरोबरच गार होते. थर्मोस्टॅट असलेला २५ वॅटचा हीटर आणि काचेला चिकटवायचा थर्मामीटर घ्या, तापमान दिवसाला एक-दोन अंशांनीच वाढवा आणि पाणी काढण्यापूर्वी हीटरचा प्लग काढा, कारण पाण्याबाहेर तापलेली त्याची काच तडकते. टाकीवर झाकणही हवे. फायटर कल्ल्यांखेरीज डोक्यातल्या एका खास अवयवाने पृष्ठभागावरची हवा घेतो, तेव्हा पाणी आणि झाकण यांमध्ये तीन-चार सेंटीमीटर मोकळी, उबदार हवा राहू द्या. झाकण नसेल तर तो उडी मारूनही बाहेर पडतो.

जावा फर्नचे आडवे खोड बहुधा वाळूत पुरलेले असावे, म्हणूनच ते सडते आहे. ते उपटून काळा भाग कापून टाका आणि उरलेला तुकडा दोऱ्याने दगडावर बांधा. अनुबियासलाही हेच लागू आहे. सडका भाग टाकीत राहिला तर तोही अमोनियात भर घालतो. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. खाद्य दिवसातून दोनदा, दोन-तीन दाणेच द्या.

ऊब आणि स्वच्छ पाणी मिळाल्यावर झिजलेल्या परांच्या कडेला पारदर्शक नवी वाढ दिसू लागते. तसे न होता झीज अंगापर्यंत पोहोचली किंवा अंगावर कापसासारखा थर दिसला, तर मासा वेगळ्या भांड्यात ठेवून माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना दाखवा. निळे औषध (मिथिलीन ब्लू) मात्र मुख्य टाकीत ओतू नका. त्याने जिवाणूही मरतात आणि वनस्पतींनाही इजा होते.