निर्वासित, विस्थापित, स्थलांतरित: तिघांचंही घर सुटलं, मग शब्द तीन का?

प्रश्न असा आला आहे: युक्रेन सोडून पोलंडमध्ये गेलेले 'निर्वासित', नर्मदेच्या पाण्यात गाव गेलेले 'विस्थापित' आणि बीडहून उसाच्या फडावर निघालेले 'स्थलांतरित'. सगळ्यांना एकच शब्द वापरला तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. 'निर्वासित' हा 'वस्' (राहणे) धातूच्या प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेण्याच्या रूपावरून आला आहे. राहत्या जागेतून ज्याला काढून लावलं, तो निर्वासित. 'विस्थापित'ही तसाच, 'स्था'च्या प्रयोजकावरून. दोन्ही शब्द उच्चारले की 'कोणी?' हा प्रश्न उभा राहतोच. 'स्थलांतरित'मध्ये तो नाही. जागा बदलली एवढंच कळतं. हौसेने, पोटासाठी की जीव मुठीत धरून, ते कळत नाही.

निर्वासित आणि विस्थापित यांत फरक आहे तो देशाच्या सीमेचा. १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित ठरायला छळाची साधार भीती हवी आणि माणूस आपल्या देशाबाहेर असायला हवा. (भारताने त्यावर सही केलेली नाही.) फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना मराठीने निर्वासित म्हटलं ते या अर्थाने चोख होतं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांना ठेवलं, १९४९मध्ये तिचं उल्हासनगर झालं, पण पत्ता सांगताना लोक अजून 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणतात. १९९०मध्ये खोरं सोडावं लागलेले काश्मिरी पंडित मात्र देशातच राहिले, म्हणून ते विस्थापित. त्यांच्या मालमत्तेसाठी तिथे १९९७मध्ये झालेल्या कायद्यात शब्द आहे 'मायग्रंट', म्हणजे स्थलांतरित. तो त्यांच्यापैकी अनेकांना बोचतो, आणि बोचायलाच हवा.

माझा खरा आक्षेप आहे तो 'गावाचे स्थलांतर करण्यात आले' या सरकारी वाक्यावर. सरदार सरोवरात महाराष्ट्राची अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं आली. कोयना धरणाच्या लोकांना तर खोरं सोडून परजिल्ह्यांत जावं लागलं. हे स्थलांतर नव्हे, त्यांना उठवलं गेलं. या लोकांनी स्वतःसाठी लावलेला शब्द बघा: धरणग्रस्त. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. धरणाने गिळलेला माणूस, इतकं स्पष्ट. त्यांच्या बोलण्यात आणखी दोन शब्द कायम जोडीने येतात, 'बुडीत' (पाण्याखाली जाणारी जमीन) आणि 'लाभक्षेत्र' (धरणाचं पाणी मिळणारी जमीन). ज्याची जमीन बुडितात गेली त्याला लाभक्षेत्रात जमीन द्या, ही सगळ्या भांडणाची मूळ मागणी या दोन शब्दांत मावते. प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, पूरग्रस्त हे याच घडणीचे, आणि तिन्हींत कशाने ग्रासलं ते शब्दातच आहे. लिहिताना शक्य तिथे हेच वापरावेत.

मग ऊसतोड मजुरांना 'स्थलांतरित' म्हणणं बरोबर का? ते परत येतात, गावात घर-रेशनकार्ड असतं, त्यामुळे 'हंगामी स्थलांतर' तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. पण जायचं की नाही हे ठरवायला त्यांना कितीशी मोकळीक असते? मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, म्हणजे हिशेबात माणसंही नाहीत, हत्यार आहे. मी अशा ठिकाणी नुसतं 'स्थलांतरित मजूर' लिहीत नाही, 'उचल घेऊन गेलेले' असं लिहितो. दोन शब्द जास्त जातात, जाऊ देत.

जव्हार-मोखाड्याकडचे आदिवासी शेतीचं काम संपल्यावर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर निघतात त्याला 'जगायला जाणे' म्हणतात. 'जगायला गेलेत' म्हटलं की गावात जगण्यासारखं काही उरलं नव्हतं हे वेगळं सांगावं लागत नाही. बातमीदारांनी हा प्रयोग बिनदिक्कत उचलावा, अवतरणचिन्हांशिवाय.

जुन्या मराठीत यासाठी 'परागंदा होणे' होतं. मूळ फारसी, अर्थ विखुरलेला. दुष्काळाने किंवा स्वाऱ्यांच्या धामधुमीने रयत परागंदा झाली, असं लिहीत. एक माणूस नव्हे तर सबंध गावच पांगलं असेल, तर आजही याहून नेमका शब्द मला दिसत नाही.

राहिला 'शरणार्थी'. हिंदीत निर्वासितासाठी तोच रूढ आहे. १९७१मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं आली, तेव्हा टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, त्यावरही 'शरणार्थी सहायता' असंच होतं. मराठीतही तो चालतो, पण त्यात माणूस आपल्या दारात येऊन काय मागतो एवढंच येतं, त्याला कुठून हाकललं ते येत नाही. म्हणून युक्रेनच्या बातमीत मी 'निर्वासित'च ठेवीन.